टेम्सकाठचा दंडाधिकारी



अठराव्या शतकातील इंग्लंडचे दंडाधिकारी म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम फाशीचा खांब उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. ब्लॅकस्टोन या प्रख्यात कायदेपंडिताने त्या शतकाच्या उत्तरार्धात हिशेब केला तेव्हा देहान्त शिक्षेस पात्र असे सुमारे १६० गुन्हे भरले. दुकानातून पाच शिलिंगांचा माल लांबवला तरी कायद्याने मान जात होती. या पार्श्वभूमीवर पॅट्रिक कोहून या दंडाधिकाऱ्याचे चरित्र वाचू लागले की वाचकाची प्रथम गफलत होते. फाशीच्या अतिरेकावर टीका करणारा, शिक्षा क्रूर असण्यापेक्षा अटळ असावी असे म्हणणारा, थंडीत गोरगरिबांसाठी सूप शिजवणारा हा गृहस्थ कठोर कसा? परंतु लंडनच्या नदीकाठच्या हमालांना त्याच्याइतका कठोर माणूस दुसरा भेटला नव्हता. त्याचा कठोरपणा हिशेबी होता आणि म्हणूनच तो त्याच्यामागे टिकून राहिला.

कोहून हा जन्माने इंग्रज नव्हे, स्कॉटिश. (त्याच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहिले तर उच्चार 'कोहून' होईल असे कोणाही भल्या माणसाला वाटणार नाही.) १७४५ साली डंबार्टन येथे त्याचा जन्म झाला. आईबाप लवकर गेले. सोळाएक वर्षांचा असताना तो व्यापार शिकण्यासाठी अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियात गेला आणि १७६६ साली ग्लासगोला परतला. व्हर्जिनियाच्या तंबाखूवर त्या काळी ग्लासगोचे वाडे उभे राहत होते, आणि तो तंबाखू गुलामांच्या हातांनी पिकत होता. तरुण कोहूनने तागाच्या कापडाच्या व्यापारात पैसा आणि प्रतिष्ठा मिळवली. १७८२ मध्ये तो शहराचा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ग्लासगोच्या व्यापारी मंडळाची स्थापना केली. १७८८ साली ब्रिटिश सुती कापड व मलमल उत्पादकांची बाजू मांडणारे एक पत्रक त्याने लिहिले. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून आणीत असलेल्या कापडामुळे आपले गिरणीवाले बुडतील, ही त्यातील तक्रार. हिंदी विणकराचे पुढे काय झाले ते आपणास ठाऊक आहे. तक्रार करणाऱ्यांत हा आपला दंडाधिकारी होता, एवढे येथे नोंदवले म्हणजे पुरे.

१७८९ मध्ये तो लंडनला आला. तेथे तोवर न्यायदान हा अनेकांचा धंदा होता. दंडाधिकाऱ्यास पगार नसे. प्रत्येक वॉरंटामागे, प्रत्येक जामिनामागे तो फी घेई. फी वाढावी म्हणून भांडणे लावून देणारे न्यायमूर्तीही काही कमी नव्हते. कादंबरीकार हेन्री फील्डिंग हा शतकाच्या मध्यास बो स्ट्रीटवर दंडाधिकारी होता. गरिबांची भांडणे पेटवण्याऐवजी आपण ती मिटवली आणि त्यापायी आपले वर्षाचे उत्पन्न पाचशे पौंडांवरून तीनशेच्या घरात आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १७९२ साली पार्लमेंटने कायदा करून लंडनमध्ये सात पोलीस कचेऱ्या स्थापन केल्या. प्रत्येक कचेरीत तीन दंडाधिकारी, आणि प्रत्येकास वर्षाला चारशे पौंड पगार. वर्ष लक्षात घ्यावे. समुद्रापलीकडे फ्रान्समध्ये त्याच वर्षी राजसत्ता कोसळली, आणि लंडनमध्ये कारागिरांनी मताधिकारासाठी आपली सभा स्थापन केली. पगारी न्यायाधीश ही सुधारणा खरी, पण ती कोणत्या भीतीच्या छायेत झाली हे विसरून चालणार नाही.

कोहूनची नेमणूक वर्शिप स्ट्रीटच्या कचेरीत झाली. जवळच स्पिटलफील्ड्स, रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. १७९४-९५ चा हिवाळा भयंकर गेला. धान्य महागले आणि माग थांबले. या दिवसांत कोहूनने काय पाहिले हे त्याच्या एका छोट्या पत्रकावरून कळते. विणकर आणि कारागीर उपासमार टाळण्यासाठी अंगावरचे कपडे आणि हातची हत्यारे गहाण टाकत होते. हत्यार गहाण गेले की काम मिळाले तरी करता येत नाही. काम नाही म्हणून हत्यार सोडवता येत नाही. हे चक्र त्याच्या अचूक ध्यानात आले, आणि वर्गणी गोळा करून प्रामाणिक कुटुंबांच्या गहाण वस्तू सोडवून देण्याची योजना त्याने मांडली. सूपघरांच्या कामातही तो पुढे होता. हे सारे त्याने मनापासून केले, यात शंका घेण्याचे कारण नाही. मात्र वर्गणीतून कोणाचे हत्यार सोडवावयाचे हे ठरवताना 'प्रामाणिक' कोण आणि 'आळशी' कोण याची यादी करावी लागते. ती यादी दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होत होती.

या याद्यांचा नाद त्यास जन्मभर सुटला नाही. १७९६ सालची तारीख घेऊन त्याचा 'राजधानीच्या पोलीस व्यवस्थेवरील प्रबंध' निघाला. पहिल्या आवृत्तीवर त्याचे नाव नव्हते, केवळ 'एक दंडाधिकारी' एवढेच होते. दहा वर्षांत त्याच्या सात आवृत्त्या झाल्या. त्या ग्रंथात एक तक्ता आहे. लंडनमधील १,१५,००० माणसे गुन्हेगारी, बेकायदा वा अनैतिक मार्गाने जगतात, असा त्याचा आकडा आहे. सुमारे दहा लाख वस्तीच्या शहरात दर नऊ माणसांमागे एक गुन्हेगार! हा आकडा त्या काळी सर्वत्र गाजला आणि आजही पुस्तकांतून उद्धृत होतो. पण तक्ता नीट पाहिला तर त्यात ५०,००० वेश्या आहेत, आणि त्या पन्नास हजारांत लग्नावाचून मजुरांच्या घरी नांदणाऱ्या स्त्रियाही धरल्या आहेत, हे कोहूनने स्वतःच सांगितले आहे. भटके, फेरीवाले, कामाविना हिंडणारे अशांच्या ओळी निराळ्या. आकडेशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात की मोजण्यापूर्वी व्याख्या करावी लागते. ज्याची व्याख्या, त्याचा आकडा. विणकराची बिनलग्नाची बायको आणि दरोडेखोर हे एका बेरजेत बसवले की शहर भयानक दिसू लागते, आणि भयानक शहराला पोलीस हवे असतात. 'पोलीस' या शब्दाला तेव्हाच्या इंग्रजांच्या नाकाला फ्रेंच हेरगिरीचा वास येत असे. तो वास घालवण्याचे काम या तक्त्याने केले.

आता नदीकडे वळू, कारण या माणसाच्या कर्तृत्वाचा गाभा तेथे आहे.

लंडन पुलाच्या खाली टेम्सच्या पात्रात शेकडो जहाजे नांगर टाकून उभी असत. धक्के अपुरे, म्हणून माल छोट्या पडावांत उतरवून काठावर न्यावा लागे. सर्वांत मोलाचा माल वेस्ट इंडिज बेटांचा: साखर, रम, कॉफी. माल उतरवणारे हमाल एखाद्या मुकादमाच्या हाताखाली असत, आणि हा मुकादम बहुधा गुत्तेवाला असे. मजुरीचा बराच भाग त्याच्या गल्ल्यातच जिरे. कित्येकदा मजुरी नाममात्र असे, क्वचित मुळीच नसे. हमालांनी गाळलेल्या, सांडलेल्या मालातून आपले भागवून घ्यावे असा उघड समज होता. पिंपातून झिरपलेली काकवी, तळघरात सांडलेली साखर, पोती फाटून पडलेली कॉफी यांवर उतरवणाऱ्याचा हक्क अशी वहिवाट होती. कोळसा उतरवणारे एक-दोन टोपल्या कोळसा घरी नेत. सरकारी गोद्यांत जहाजे बांधणाऱ्या सुतारांना लाकडाचे तुकडे घरी नेण्याचा मान्य हक्क होता, आणि सुतारांची घरे कित्येकदा त्याच तुकड्यांची बनत.

महाराष्ट्रातील खेड्याशी परिचय असणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बलुतेदाराचा खळ्यावरचा वाटा काय, किंवा पीक काढून नेल्यावर शेतात पडलेला सरवा वेचणाऱ्या बायका काय, श्रमाचा मोबदला सर्वत्र आणि सर्वकाळ नाण्यांत मिळत आलेला नाही. तो मालाच्या एका अंशात मिळे, आणि तो अंश किती हे रोजच्या ओढाताणीत ठरे. ती व्यवस्था न्यायाची होती असे नव्हे. बलुत्यात अपमान होता, तसा गुत्तेवाल्या मुकादमाच्या दारी कर्ज आणि दारू होती. शिवाय नदीवर खरे चोरही होते; रात्री दोर कापून पडाव पळवणाऱ्या टोळ्या होत्या, लाच घेऊन डोळे मिटणारे जकात अधिकारी होते. कोहूनने या सर्वांची वर्गवारी केली आणि प्रत्येक वर्गाला काठावरच्या बोलीतले नाव दिले: नदीचाचे, रात्रीचे लुटारू, हलके घोडेस्वार, जड घोडेस्वार. यातील 'जड घोडेस्वार' म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून दिवसा माल उतरवणारे हमाल. कपड्यांच्या आत पिशव्या शिवून ते साखर नेतात म्हणून जड. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून पडलेला माल वेचणाऱ्यांचीही एक ओळ होती. नदीवर काम करणाऱ्या सुमारे ३३,००० माणसांपैकी ११,००० अपराधी, आणि वर्षाला पाच लाख पौंडांचा माल नाहीसा होतो, हा त्याचा निष्कर्ष.

म्हणजे दरोडेखोर आणि वहिवाटीने मूठभर साखर नेणारा हमाल हे पुन्हा एकाच बेरजेत आले.

जॉन हॅरियट नावाच्या एसेक्सच्या एका शेतकरी न्यायाधीशाने नदी-पोलिसांची योजना आखली होती. कोहूनने तिला वजन आणि आकडे दिले, जेरेमी बेंथमने कायद्याचा मसुदा लिहिला. पैसा मात्र सरकारचा नव्हता. तो मुख्यतः वेस्ट इंडिजच्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी दिला. २ जुलै १७९८ रोजी वॉपिंगच्या पायऱ्यांजवळ कचेरी सुरू झाली. पहिल्या वर्षासाठी ४,२०० पौंड आणि सुमारे पन्नास माणसे. गुलामांच्या मळ्यांतून आलेली साखर लंडनच्या मजुराच्या हातून वाचवण्यासाठी मळेवाल्यांच्या खर्चाने उभे राहिलेले पोलीस दल, आणि त्याच्या शिरावर सरकारी पगाराचा दंडाधिकारी. पुढे कोहून स्वतः वेस्ट इंडिजच्या काही बेटांचा लंडनमधील एजंटही झाला.

कचेरीने दोन कामे हाती घेतली. एक, नावांतून गस्त घालणे. दुसरे काम अधिक महत्त्वाचे असूनही इतिहासात त्याचा उल्लेख कमी येतो: हमालांची भरती, नोंदणी आणि मजुरी कचेरीने आपल्या ताब्यात घेतली. ठरलेले दर लागू झाले, मुकादमाचा गुत्ता बाजूला सरला, हाती रोख पैसे पडू लागले. हा लाभ खरा होता आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र त्या बदल्यात वहिवाट गेली. हमालांनी ढगळ डगले, रुंद विजारी, पिशव्या घालून जहाजावर चढू नये असा नियम झाला. झडती सुरू झाली. जहाजाच्या तळात सांडलेली साखरही आता मालकाची ठरली. मजुराने आपले श्रम विकावेत, ठरलेले नाणे घ्यावे आणि ज्या वस्तूला दिवसभर हात लावला तिच्याशी आपला काही संबंध नाही हे समजून घरी जावे, हा धडा टेम्सकाठी पोलिसांच्या दंडुक्याने शिकवला गेला. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मजुरीचे प्रकरण मागणी-पुरवठ्याच्या आकृतीने सुरू होते; त्या आकृतीत झडती घेणारा शिपाई कोठेही दिसत नाही.

१६ ऑक्टोबर १७९८ च्या रात्रीची हकीकत खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. कोळसा चोरल्याबद्दल काही कोळसेवाल्यांना कचेरीत उभे केले होते. चार्ल्स आयर्स हा त्यांतला एक. कोहून आणि हॅरियट दोघेही हजर होते. दंड झाला चाळीस शिलिंग. तो तेथल्या तेथे भरण्यातही आला. चार्ल्स बाहेर पडतो तो दारात भाऊ जेम्स उभा. त्याने भावाची कॉलर धरली आणि विचारले, चाळीस शिलिंग भरलेस काय? मग परत चल, एक तर ते पैसे परत घेऊ, नाही तर हे घर खाली आणू. बघता बघता जमाव जमला. रस्त्यातले दगड उपटून खिडक्यांवर बसू लागले. आतून गोळी सुटली आणि जमावातील एक माणूस ठार झाला. कोहून बाहेर आला आणि त्याने दंग्याचा कायदा वाचून दाखवला. नंतर कोठून तरी सुटलेल्या गोळीने गॅब्रिएल फ्रँक्स जखमी झाला. हा हमालांचा मुकादम, कचेरीच्या कामावर असलेला. काही दिवसांनी तो मरण पावला.

१७९९ च्या जानेवारीत ओल्ड बेलीत जेम्स आयर्सवर खुनाचा खटला चालला. गोळी त्याने झाडली हे सिद्ध झाले नाही, आणि सरकारपक्षाला ते सिद्ध करण्याची आवश्यकताही वाटली नाही. बेकायदा जमावात तो होता, जमाव त्याने चिथवला होता, जमावाच्या कृत्याला तो जबाबदार. शिक्षा देहान्ताची झाली. जमावातील जो माणूस आतून सुटलेल्या गोळीने मेला, त्याच्यासाठी असा खटला उभा राहिला नाही. क्रूर शिक्षेऐवजी प्रतिबंध हवा असे ज्या ग्रंथात लिहिले होते, त्याचा लेखक या प्रकरणाचा साक्षीदार होता.

पुढचा क्रम भराभर घडला. पहिल्या वर्षात १,२२,००० पौंडांचा माल वाचवला असा दावा झाला, आणि १८०० साली कायदा होऊन खासगी पैशाचे हे पोलीस सरकारी झाले. १८०१ मध्ये सरकारी गोदीतील सुतारांचा तुकड्यांचा हक्क काढून त्याऐवजी रोख भत्ता देण्यात आला. १८०२ मध्ये वेस्ट इंडिज गोद्या उघडल्या. त्यांच्याभोवती किल्ल्यासारखी उंच भिंत होती. याच सुमारास, १७९९ आणि १८०० साली, कामगारांनी मजुरीसाठी संघटित होणे हाही गुन्हा ठरवण्यात आला. म्हणजे वस्तूतला वाटा मागावयाचा नाही, आणि नाण्यातला वाटा मिळून मागावयाचा नाही. इतिहासकार पीटर लाइनबॉ यांनी १९९१ सालच्या आपल्या ग्रंथात हा धागा सविस्तर उलगडला आहे. आणखीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ऱ्हाइनलँडच्या जंगलात पडलेला काटक्याकुटक्यांचा सरपण गोळा करणे ही चोरी ठरवण्याचा कायदा १८४१ साली चर्चेस आला होता, आणि १८४२ साली एका चोवीस वर्षांच्या जर्मन पत्रकाराने त्यावर लेखमाला लिहिली. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम वळलो ते त्यामुळे, असे कार्ल मार्क्सने पुढे नमूद केले आहे.

कोहूनला स्वतःला या सर्वांमागचे तत्त्व स्पष्ट दिसत होते, आणि त्याने ते लपवलेही नाही. १८०६ साली त्याने निर्धनतेवर एक प्रबंध लिहिला. त्यात गरिबी आणि लाचारी असा भेद त्याने केला आहे. लाचारी म्हणजे काम करूनही वा न करता पोट न भरणे. ही वाईट, तिचा उपाय केला पाहिजे. गरिबी म्हणजे श्रमाखेरीज विकण्यास काही नसणे. ही मात्र समाजाला आवश्यक आहे, कारण गरिबीवाचून श्रम नाहीत आणि श्रमावाचून संपत्ती नाही. त्याच्या युक्तिवादाचा सारांश एवढाच. सूपघर लाचारीसाठी होते आणि गस्तीची नाव गरिबीसाठी. दोन्हींत विसंगती नव्हती. वेस्टमिन्स्टरमध्ये त्याने मजुरांच्या मुलांसाठी मोफत शाळा चालवली, तीत डॉ. अँड्र्यू बेल यांची पद्धत वापरली. बेल यांना ती मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयात सुचली होती. तेथे थोरली मुले धाकट्यांना शिकवीत आणि धुळाक्षरे वाळूत गिरवीत. स्वस्त शिक्षण कोहूनला पसंत पडले. मात्र ज्या पायरीवर जन्मले त्या पायरीच्या वर मुलांची मने जाऊ नयेत, याची काळजी घेण्यास त्याने बजावले आहे.

आणि आता त्याचा अखेरचा मोठा तक्ता. १८१४ साली 'ब्रिटिश साम्राज्याची संपत्ती, सामर्थ्य आणि साधने' हा जाडजूड ग्रंथ आला. हेतू अभिमानाचा होता: नेपोलियनशी लढणाऱ्या देशाची तिजोरी किती खोल आहे हे जगाला दाखवावयाचे. वसाहतींचीही मोजदाद त्यात आहे. वेस्ट इंडिजच्या बेटांवरील गुलाम माणसे जमीन आणि इमारतींबरोबर मालमत्तेच्या रकान्यात दरडोई किमतीने मांडली आहेत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये वर्षभरात निर्माण होणारी नवी संपत्ती त्याने ४३,०५,२१,३७२ पौंड काढली. शेवटच्या दोन पौंडांपर्यंतचा हा नेमकेपणा पाहून आजचा संख्याशास्त्रज्ञ हसेल. पण तक्त्यात त्याने एक गोष्ट केली जी त्यापूर्वी इतक्या विस्ताराने कोणी केली नव्हती. राजघराण्यापासून भिकाऱ्यापर्यंत प्रत्येक वर्गाची माणसे किती आणि त्या वर्गाच्या वाट्याला उत्पन्न किती हे त्याने शेजारी शेजारी लिहिले. आणि संपत्ती निर्माण करणारे वर्ग कोणते आणि न करणारे कोणते हेही वेगळे केले.

हमालाच्या खिशात गेलेली साखर मोजण्याची ज्याला सवय, त्याच्या लेखणीने सरदारांच्या आणि जमीनदारांच्या खिशात गेलेले पौंडही मोजून ठेवले. त्याचा अर्थ लावण्याचे त्याच्या मनात नव्हते.

१८१८ साली कोहून निवृत्त झाला आणि २५ एप्रिल १८२० रोजी वारला. पाच वर्षांनी जॉन ग्रे नावाच्या, लंडनच्या एका व्यापारी पेढीत वाढलेल्या तरुणाने मानवी सुखावरील एक व्याख्यान छापून प्रसिद्ध केले. आरंभीच्या इंग्लिश समाजवादी वाङ्मयात त्याचे स्थान मोठे आहे. ग्रेने कोहूनचा तक्ता त्याच्या नावासह उचलला आणि साधा भागाकार केला. उत्पादक वर्गातील प्रत्येक माणूस, स्त्री आणि मूल धरून, वर्षाला सरासरी सुमारे ५४ पौंडांची संपत्ती निर्माण करते. त्यांच्या हाती पडतात सुमारे ११ पौंड, म्हणजे एक-पंचमांशाहून किंचित अधिक. उरलेले कोठे जातात हे पाहण्यासाठी ग्रे मग तक्त्यातील एकेक ओळ घेऊन तिच्यापुढे आपला शेरा लिहीत जातो. राजा, सरदार, बिशप अशा क्रमाने ती यादी खाली उतरते. न्यायाधीश, वकील आणि त्यांचे कारकून यांचीही तीत एक ओळ आहे. कोहूनने स्वतःच ती अनुत्पादक वर्गांत घातली होती.